वाघोबाच्या राईची बंद वाट

मी पायवाट बोलतेय. हो, तीच. वाडीच्या शेवटच्या गोठ्यामागून निघते आणि वाघोबाच्या राईतल्या झऱ्याशी जाऊन थांबते. तोंडावर काट्यांचा ढीग टाकलाय, म्हणून तुम्ही ओळखलं नसेल.

मला कुणी बांधलं नाही. पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या पायांनी मी झाले. रुंदी म्हणाल, तर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई जाईल एवढीच. समोरून दुसरी आली की एकीनं बाजूच्या कारवीच्या झुडपांत सरायचं, आणि सरता सरता दोघींनी अर्धा तास बोलत उभं राहायचं. ओझं डोक्यावर आणि गप्पा संपत नाहीत! मला या माणसांचं हे कधी कळलं नाही, पण आवडायचं.

राईच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. तिथं पायतण काढायचं आणि हाक द्यायची, "कोन हाय का आत?" झऱ्यावर बायका अंघोळ करत असायच्या, म्हणून ही पद्धत. आतून "हाय गं, ये" असं आलं की बाईनं पुढं जायचं. पुरुष असेल तर त्यानं दगडावर मुकाट बसून राहायचं. राजूरच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या चपलासुद्धा त्या दगडापाशी दिवसभर पडून असायच्या, कुणी हात लावायचं नाही. आणि राईतली वाळकी काडी घरी न्यायची नाही. आतले हिरडे, जांभळी इतक्या जुन्या, की तीन माणसांच्या कवेत मावायच्या नाहीत. त्या कुणी लावल्या हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. डोंगर करपला, पण राईतला झरा बोटाएवढा का होईना, वाहत राहिला. लांबलांबच्या गावची माणसं पाण्याला येऊ लागली. त्यांच्यातच लाकडाच्या ठेकेदाराचे दोघे होते. पाणी प्यायले आणि जांभळींवर हात फिरवून गेले.

वाडी घाबरली. पोलीस पाटील गहिनीनाथ यांनी सगळ्यांना दगडापाशी बोलावलं. माणूस वाईट नाही हो, पण घाई फार.

"वाटच बंद करू," ते म्हणाले. "मानूस आत गेलं न्हाई तर कुऱ्हाड कशी जाईल? वाघोबाची आन घालू. आजपासून ह्या वाटंवर पाऊल टाकील त्याचं वाघोबा बघून घेईल."

माना डोलल्या. एकटी भागूबाई तेवढी बोलली. साठी उलटलेली, एकटी राहणारी बाई. रोज पहाटे झऱ्याची कुंडी झाडायचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलेलं.

"पाटील, ठेकेदाराला कसली आन? आन आपल्यालाच बसंल की! आत कोन न्हाई म्हंजे बघनारं कोन न्हाई."

"मावशे, तू गप. देवाच्या कामात आडवी येऊ नगं."

झालं! नारळ फुटला, बोरीच्या काट्या माझ्या तोंडावर पडल्या. मी काय गुन्हा केला होता? झऱ्याचं पाणी सोडून बायका दोन मैल खाली जाऊन गढूळ पाणी आणू लागल्या. माझ्यावर पाचोळा साचला, वाळवीनं वारूळ बांधलं. दिवसदिवस एक पाऊल नाही. कधी कुणाच्या वाकड्यात न गेलेल्या वाटेचे हे हाल!

आता पुढचं ऐका, म्हणजे मी का चिडलेय ते कळेल. राईच्या मागच्या अंगाला दुष्काळी कामाची सडक निघाली. खडी फोडली ती आमच्याच वाडीनं, पोटासाठी. त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या सडकेनंच एके दिवशी सकाळी ठेकेदाराचा ट्रक वर आला. मागच्या बाजूला ना काट्या, ना आण.

कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला, तशी माणसं धावत आली. काट्यांपाशी थांबली. कान देऊन ऐकलं. आत मोठा हिरडा कडाडून पडला, तर सगळ्यांनी हात जोडले, "बाबा, तूच बघ रे" म्हणाली आणि परत गेली! तीन दिवस हेच. सडकेनं वळसा घालून बघावं, हेही कुणाला सुचलं नाही. अरे, पाय आहेत ना तुम्हाला? मला नाहीत, म्हणून मी पडून आहे!

गहिनीनाथ जंगल खात्याच्या कचेरीत जाऊन आले. साहेबानं विचारलं, "कुठली झाडं? किती पडली? तोडणारे कोण, पाहिलंत?" पाहिलं कुणी होतं?

"नुसत्या आवाजावर पंचनामा होत नाही," साहेब म्हणाला. आणि खरं सांगते, मला त्याचा राग नाही आला. आमच्याच लोकांचा आला.

चौथ्या दिवशी भागूबाई आली. दगडापाशी उभी राहिली, सवयीनं पायतण काढलं. कोयत्यानं काट्या बाजूला ओढल्या. "आन माझ्या डोक्यावर, वाघोबा," ती मोठ्यानं म्हणाली. "काय करायचं ते माझं कर." आणि अनवाणी माझ्यावर चालू लागली. किती महिन्यांनी पाऊल लागलं! काटे तिच्या टाचेत घुसत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

आत ती बुंध्याबुंध्यापाशी गेली, एकेका पाडलेल्या झाडामागं पदराला एक गाठ मारत. तोडणारे बघतच राहिले. मग तिनं बाहेर काट्यांपाशी जमलेल्या वाडीला हाक दिली, "अरं, मी आत हाय! सात जांभळी, चार हिरडे पाडलेत! ट्रक सडकेवर हाय, या की!"

बाहेरचा गलका ऐकून तोडणारे घाबरले, लाकूड टाकून पळाले. झऱ्याभोवतीची नऊ झाडं वाचली. पण एवढी हाक ऐकूनही काट्यांच्या आत एक माणूस आलं नाही, हे मी विसरणार नाही.

तिची टाच पिकली, पाय सुजला. तर वाडी काय म्हणाली? "बघा, आन मोडली. वाघोबानं दावलं." कपाळ माझं! काट्या टाकल्या तुम्ही, रुतल्या तिला, आणि नाव देवाचं! काट्यांचा ढीग पुन्हा रचला, आधीपेक्षा उंच.

आता यंदा पाऊस बरा झालाय. माझ्यावर गुडघाभर गवत आहे. झरा बारीक झाला तो वाढला नाही. आणि परवा मागच्या सडकेवर पुन्हा ट्रकचा हॉर्न वाजला.

भागूबाई काठी टेकत रोज येते. ढिगातली एक काटी काढते, बाजूला टाकते. तेवढंच होतं तिच्यानं. मग दगडावर बसून हाक देते, "कोन हाय का आत?" आणि बराच वेळ कान देऊन बसते.

मी आहे गं आत. नऊ झाडं आहेत. पण ओ द्यायला माणूस लागतं. पाटील, बायांनो, कुणीही या. उद्या तिनं हाक दिली, की निदान एकानं तरी आतून "हाय गं, ये" म्हणा.