तीस म्हणेपर्यंत निळं

उद्देश

रसायनशास्त्र दिवस यंदा तरी नीट पार पाडणे.

नळीताईनं वहीत एवढंच लिहिलं. खरा उद्देश वहीत मावणारा नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला जिन्यातच गाठलं होतं. "रसायनशास्त्राच्या सरांचे हात थरथरतात. मुलं हसतात हो त्यांना. ही शेवटची संधी. नाही जमलं, तर प्रयोगशाळेत सभागृहाच्या जादा खुर्च्या ठेवू."

बावीस वर्षं काचसामान धुऊन धुऊन तिचं नाव नळीताई पडलं होतं. खरं नाव हजेरीपटापुरतं.

साहित्य

दोन बाटल्या, दोन्हींत पाण्यासारखं द्रावण. एकात एक ओतलं की काहीच होत नाही. आणि मोजत मोजत तीसवर आलं की सगळं एका झटक्यात निळंकाळं. या एका 'घड्याळा'च्या प्रयोगासाठी लोक दरवर्षी पोराबाळांना घेऊन येत.

एरवी ती द्रावणं त्याच दिवशी सकाळी करायची. यंदा धाकधूक नको म्हणून आदल्या दिवशीच केली, खराब होऊ नयेत म्हणून फ्रीजमध्ये जपून ठेवली आणि ऐन वेळी काढून टेबलावर मांडली. थेंब पुसून. चकचकीत.

प्रेक्षक एकोणीस. त्यातले चार नुसते पंख्याखाली बसायला आलेले.

कृती

सरांनी ओतलं. हात थरथरला, पण सांडलं नाही.

"मोजा मंडळी!"

सगळ्यांनी मोजलं. तीस.

पाणी ते पाणीच.

"सर, घड्याळाचा सेल गेला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"लाजतंय जरा," सर म्हणाले. चाळीस. पन्नास. मोजणारे आवाज एकेक करून गळाले. साठला सर एकटेच मोजत होते. सत्तरला त्यांनी चंचुपात्र उचललं आणि टेबलाखालच्या पांढऱ्या बादलीत रिकामं केलं.

"माफ करा. माप चुकलं माझं. वय झालं."

निरीक्षण

लोक उठले. खुर्च्या सरकल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

~~बादलीत काहीही झालं नाही.~~

बादली निळीकाळी झाली. नळीताईच्या पायाशी, एका क्षणात. गारठा! द्रावण गार असलं की त्याला वेळ लागतो, हे तिनंच दर वर्षी नव्या मुलांना सांगितलेलं.

ओरडायला हवं होतं. तिनं हातातलं ओलं फडकं बादलीवर टाकलं.

निरीक्षण (पुन्हा)

प्रयोगशाळा रिकामी झाली. सर पाठमोरे बसले होते, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत.

"नळीताई, मघाशी किती घेतलं मी? पन्नास की पंचवीस? आठवतच नाही बघ."

माप बरोबर होतं. तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. तिनं फडकं काढलं.

"सर, माप तुमचं चुकलं नाही. मी फ्रीजमध्ये ठेवली होती. जपायला म्हणून."

सर वाकून बादलीत बघत राहिले.

"बाईंना सांगून येते मी."

"खुर्च्या निघाल्या असतील आता." मग म्हणाले, "बादली का झाकलीस?"

नळीताई ओल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"उरलंय का अजून?"

"फ्रीजमध्ये आहे थोडं."

"आण. तसंच, गार."

दोन शिपाई दारात आले, दोघांच्या डोक्यावर खुर्च्या. "सर, कुठं ठेवू?"

"थांबा रे जरा," नळीताई म्हणाली.

सरांनी ओतलं. या वेळी थोडं सांडलं. सर आणि नळीताई मोजायला लागले. साठला एका शिपायानं पाय बदलला. सत्तर. ऐंशी. सरांचा आवाज बसला, तेव्हा नळीताई एकटी मोजत राहिली. एकशे सातला निळं झालं.

"आयला!" शिपाई म्हणाला.

सरांनी वही ओढली, 'एकशे सात' लिहिलं, आणि दाराकडे न बघता म्हणाले, "खुर्च्या भिंतीकडून लावत या."

अनुमान

(जागा कोरी.)