शेपटीवाला कंगवा आणि आजीचा उंच फुगा

मी शेपटीवाला कंगवा बोलतोय. नावाला हसू नका. एका बाजूला बारीक दाते आणि दुसऱ्या बाजूला वीतभर टोकदार शेपटी, अशी माझी अंगकाठी आहे. दाते विंचरायला, शेपटी भांग पाडायला. मधले तीन दाते पडलेत, पण या वयात कुणाचे पडत नाहीत?

एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिंगातून घडवलं. शिंग तापवून सपाट केलं, एकेक दाता करवतीनं कापला आणि मग दोन दिवस मला नुसता घासत बसला. "एक दाता जरी खरखरीत राहिला, तरी बायका मला शिव्या घालतील," म्हणायचा. त्याला स्वतःला चकचकीत टक्कल होतं, पण काम चोख.

पंचविशीतल्या एका पार्लरवालीनं मला विकत घेतलं. तिचं पार्लर म्हणजे जिन्याखालची खोली, फिरती खुर्ची आणि एक आरसा. तेव्हा केसांच्या उंच फुग्याची चलती होती. माथ्यावरची एकेक बट ताणून धरायची आणि मला टोकाकडून मुळाकडे उलटं चालवायचं. केस मुळाशी गुंतून उभे राहायचे. मग वरून एक गुळगुळीत थर ओढून घ्यायचा आणि मागे आकडे खोचायचे. शिक्षिका, नर्स, टेलिफोन ऑफिसातल्या मुली, सगळ्या यायच्या. एक टेलिफोनवाली तर फुगा दबू नये म्हणून हेडफोनची पट्टी हनुवटीखालून घालायची. साहेब ओरडायचे, पण तिनं ऐकलं नाही.

खुर्चीत बसलं की बायकांच्या जिभेला हाड राहत नाही. सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांचा उद्धार माझ्यासमोर झालाय. पण काळजी नको, केसानं गळा कापणाऱ्यांतला मी नव्हे.

पार्लरवालीच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कायम साधी गाठ. कुणी विचारलं की म्हणायची, "माझा फुगा कोण करणार? माझ्यासारखा हात आहे का कुणाचा?" हा तोरा होता की खंत, ते मला कळायचं नाही.

पुढे सरळ, मोकळ्या केसांची फॅशन आली. तिचा हातही थरथरायला लागला आणि पार्लर बंद झालं. मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडलो. माझ्या दातांनी लोकरीचा गुंता सोडवला, शेपटीनं मोरीची जाळी साफ केली. वैऱ्यावरही असे दिवस येऊ नयेत.

गेल्या महिन्यात ती ऐंशी वर्षांची झाली. जुनी गिऱ्हाइकं चार वाजता चहाला येणार होती. बँकेत नोकरी करणाऱ्या तिच्या नातीनं मला खणातून काढलं, घासून धुतलं आणि म्हणाली, "आजी, आज तुझा फुगा मी करणार. मोबाइलवर बघून शिकलेय."

"तू? तुझ्याच केसांत कंगवा फिरलेला दिसत नाही!" आजी म्हणाली. पण खुर्चीत जाऊन बसली. मग हळूच म्हणाली, "पन्नास वर्षं वाट बघितलीय गं. माझं हसं करू नकोस."

फुगा फसला असता तर तिनं पुन्हा कुणाला डोक्याला हात लावू दिला नसता.

आणि फुगा काही उभा राहीना. दोनदा चढला, दोनदा बसला. एकेक बट माझ्या दातांतून सटकत होती. घड्याळात पावणेतीन झाले. नातीनं घाबरून स्प्रेचा डबा उचलला.

"ठेव तो," आजी म्हणाली. "तो सगळ्यात शेवटी. भिंतच उभी नाही, तर कौलं कशावर घालशील? माझ्या केसांना काय लावलंस?"

"आज सकाळी धुताना कंडिशनर लावलं. तूच तर डोकं पुढे केलंस!"

आजी खो खो हसली. "अगं, फुग्यासाठी केस आदल्या दिवशी धुवायचे असतात. ताजे धुतलेले केस निसटतात. माझे काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत, तरी मी विसरले. इतक्या वर्षांनी कुणी डोकं चोळून दिलं, अक्कल गहाणच पडली."

मग तिनं बसल्या जागेवरून सूत्रं हातात घेतली. मुळांशी टाल्कम पावडर शिंपडायला लावली, म्हणजे केसांना पकड येते. केस विरळ, म्हणून कपाटातला पत्र्याचा डबा मागवला. त्यात होतं तिचंच पांढरं गुंतवळ. विंचरताना गळलेले केस जपून ठेवायची जुनी सवय सुटली नव्हती. ते केसांच्या जाळीत भरून नातीनं उशी केली, माथ्यावर ठेवली आणि दोन आकडे एकमेकांवर आडवे खोचले.

"आता कंगवा घे. मुळापाशीच चालव. ओढू नकोस, ढकल. एका बटेला तीनदा, बस्स."

मी जीव तोडून काम केलं. नातीनं वरचा थर उशीवरून मागे ओढला, आकडे लावले आणि शेवटी स्प्रे मारला. फुगा ताठ उभा राहिला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

नातीनं हातआरसा आजीच्या मागे धरला. आजीनं समोरच्या आरशात पाहिलं आणि तिचा हात मानेकडे गेला.

"काय झालं? वाकडा झालाय का?" नातीनं घाबरून विचारलं.

"नाही गं. माझी मान मी मागून कधी बघितलीच नव्हती. ही तर माझ्या आईची मान."

दारावरची बेल वाजली, तरी ती आरशापुढून उठली नाही.

आता मी नातीच्या पर्समध्ये राहतो आणि मजेत आहे. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात सगळ्यांची वेणीफणी करून देणारी एखादी असेलच. तिला एकदा खुर्चीत बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा.