तात्यांचा उजवा पाय

तात्यांना दुसऱ्याच्या गाडीत झोप लागत नसे. तसं झोपेशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. घरी पलंगावर आडवे झाले की बोलता बोलता घोरायला लागत आणि सुरू केलेला विषय बायकोला एकटीनेच संपवावा लागे. पण चाक दुसऱ्याच्या हातात गेलं की तात्यांचे डोळे टक्क उघडे. मान ताठ, नजर रस्त्यावर आणि उजवा पाय समोर जे काही असेल त्यावर दाबलेला. ब्रेक तिथे नसतो हे त्यांना कळत होतं, पायाला कळत नव्हतं.

सारी नोकरी त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवण्यात घालवली होती. डेपोत त्यांना 'पाळणा' म्हणत. त्यांच्या बसमध्ये चढलेला माणूस थोड्याच वेळात पेंगायला लागायचा, म्हणून. बाकीचे ड्रायव्हर चहा पिताना वेगाच्या बढाया मारत, तेव्हा तात्या गप्प बसून बशी पुसत. त्यांचं समाधान आरशात होतं. मागे माना कलंडलेल्या आहेत, कुणाचं तोंड उघडं पडलंय, कुणी बिनदिक्कत अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकलंय, असं दिसलं की त्यांना भरून पावल्यासारखं वाटे.

"जागेपणी माणूस तोंडदेखली स्तुती करतो," ते म्हणायचे. "झोपेत खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य त्यांच्या लेकीने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिच्या मनात घर करून बसलं. लेक एकुलती एक, अंगाने काटकुळी, म्हणून तिचं नाव बारकी पडलं. बारकी कार शिकली आणि पहिल्यांदा आईवडिलांना घेऊन निघाली, तेव्हा तात्या शेजारी बसले होते. ते बोलले एक शब्द नाही. पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय असा काही दाबला जाई की बारकीचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या पायाकडेच. शेवटी तिने गाडी कडेला घेतली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तात्या, ज्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीत झोपाल, त्या दिवशी मी मानेन मला गाडी येते."

रागाच्या भरात बोललेलं बोलणं ते. पण विसरलं कुणीच नाही. पुढे बारकीने त्यांना कितीतरी वेळा नेलं-आणलं, दवाखान्यात नेलं, नातेवाइकांकडे नेलं, एकदा तर तापाने फणफणलेले असताना मागच्या सीटवर उशी देऊन निजवलं. तात्या तापातही जागे. मग पोरगी विमान शिकायला गेली. बारकीच्या आईचं मत असं की ह्या पायाच्या रागापोटीच गेली. आधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून उडवलं आणि आता कॅप्टन झाली होती. कॅप्टन म्हणून पहिल्याच लांबच्या फेरीत तिने आईवडिलांना बिझनेस क्लासमध्ये बसवलं.

फोनवर तिने झोपेचा विषय काढला नव्हता. फक्त म्हणाली होती, "तिथली खुर्ची आडवी होते, तात्या. पूर्ण पलंग होतो." तात्यांना जे समजायचं ते समजलं. ह्या एका गोष्टीसाठी पोरगी इतकी वर्षं थांबली आहे आणि ती द्यायला आपल्याला फक्त डोळे मिटायचे आहेत. इतकं सोपं काम आजवर कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

सकाळचं विमान होतं. आत शिरल्यावर बारकीच्या आईने सगळं हात लावून पाहिलं: स्लीपर, जाडजूड रजई, खुर्चीच्या कडेची बटणं, त्यांवर काढलेली बसलेल्या, रेललेल्या आणि निजलेल्या माणसाची चित्रं. गरम ओला रुमाल आला, तेव्हा तात्यांनी त्याने तोंड पुसलं, मान पुसली आणि मग सवयीने खिडकीची काचही पुसून घेतली. पाय ठेवायला पुढच्या खुर्चीच्या पोटात एक कोनाडा होता. तात्यांनी पाय लांब केले. कोनाड्याच्या टोकाला एक गुळगुळीत भिंत होती आणि उजव्या पायाला ती बरोबर सापडली.

तेवढ्यात स्पीकरमधून बारकीचा आवाज आला. कॅप्टन बोलते आहे, हवा चांगली आहे, वाटेत काही लागलं तर सांगा, असं काहीबाही. बारकीच्या आईने पलीकडच्या सुटाबुटातल्या गृहस्थांना हाताने खुणावलं. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. "माझी मुलगी," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावून हेडफोन पुन्हा चढवले. त्यांना नीट समजलं नसेल असं वाटून तिने त्यांना परत एकदा खुणावलं.

विमान सुटलं. तात्यांचा पाय भिंतीवर होता.

जेवणं झाली, खिडक्यांच्या झडपा खाली आल्या, एअर होस्टेसने गादी अंथरून दिली. बारकीची आई निजलेल्या माणसाचं बटण दाबून गाढ झोपलीसुद्धा. तात्या आडवे झाले. पलंग खरोखरच झकास होता. त्यांनी डोळे मिटले, कूस बदलली, उशी उलटी केली. इंजिनाचा आवाज जरासा बदलला की डोळे उघडत. हसण्याचा आवाज आला की उघडत, शांत झालं की का शांत झालं म्हणून उघडत. झोपेचा असा जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसाला झोप कशी येणार?

मग पडदा सरकवून बारकी येताना दिसली. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. तात्यांनी झटकन डोळे मिटले आणि घोरायला लागले. साधंसुधं नाही, मधूनच एक शिट्टी घालून, अगदी जातिवंत घोरणं.

बारकी येऊन उभी राहिली. मग तिने पायाकडून रजई उचलली, कोनाड्यात हात घातला आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा धरला. तो भिंतीवर घट्ट दाबलेला होता.

"तात्या, घोरणं छान जमलंय," ती हळूच म्हणाली. "पाय जागा आहे."

तात्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडली गेल्यावर माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे उलट तिलाच विचारलं, "तू इथे? मग गाडी कोण चालवतंय?"

आत दोघं आहेत, माझी विश्रांतीची पाळी आहे, असं तिने सांगितलं आणि ती पलंगाच्या काठावर टेकली. हसत होती खरी, पण ते हसू पडलेलं होतं आणि बापाला ते दिसलं. "जाऊ दे, तात्या. नाही येत तर नाही येत. पण लँडिंग बघा. खाली उतरल्यावर कसं झालं ते खरं खरं सांगा. मला ते तुमच्याकडूनच ऐकायचंय."

तात्यांनी कबूल केलं. ती गेल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. हजारो अनोळखी माणसांनी त्यांच्या हवाली आपली झोप केली होती आणि त्यांना स्वतःच्या पोरीला एक डुलकी देता येत नव्हती. त्यांनी बसलेल्या माणसाचं बटण दाबलं आणि ते उठून बसले. झोपेचा नाद सोडला. निदान लँडिंग तरी डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि एका ड्रायव्हरने दुसऱ्या ड्रायव्हरला सांगावं तसं सांगायचं, एवढं त्यांनी पक्कं केलं.

बारकी आपल्या जागेवर परत गेली आणि पुढे हवा बिघडली. पट्टे बांधायचे दिवे लागले. विमानाने एक गचका खाल्ला, मग दुसरा. मागे कुणीतरी किंचाळलं. पलीकडच्या गृहस्थांनी हेडफोन काढून खुर्चीचे हात धरले आणि आता तेच बारकीच्या आईकडे बघायला लागले. बारकीची आई जीव मुठीत धरून तात्यांकडे बघत होती.

स्पीकर वाजला. "पुढचा हवेचा पट्टा खराब आहे," बारकीचा आवाज म्हणाला. "मी जरा वर चढून बाजूने काढते. उशीर होईल थोडा, पण आपण घाई करणार नाही."

तात्या सावरून बसले. 'उशीर होईल, पण आपण घाई करणार नाही.' घाटात धुकं उतरलं की ते स्वतः मागे वळून हेच म्हणत आणि लहानगी बारकी सुट्टीत बसमधून यायची, तेव्हा पहिल्या सीटवर बसून हेच ऐकायची.

"हां, आता सावकाश," ते पुटपुटले. विमान आधीच सावकाश झालं होतं. "आता उचल." नाक अलगद वर होत होतं. "बाजूला घे, एकदम नको." विमान एका अंगाला इतकं हळू कललं की बारकीच्या आईच्या ग्लासातलं पाणी नुसतं काठाकडे सरकलं, सांडलं नाही. तात्या सांगत होते आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत ती करत होती. नवा ड्रायव्हर खड्डा बघून ब्रेक मारतो, मुरलेला ड्रायव्हर खड्डा यायच्या आधीच हलका होतो. ही पोरगी आधीच हलकी होत होती. थोड्या वेळाने तात्या सांगायचे थांबले, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही. गचके मागे राहिले होते. आता पोटातलं पाणी हलत नव्हतं.

मुरलीय, ते मनात म्हणाले. ऊर भरून आला. खुर्ची त्यांनी जराशी रेलवली, खिडकीची झडप वर करून नजर बाहेर ठेवली आणि लँडिंगची वाट बघायला लागले.

"अहो, उठा. पोचलो."

तात्यांनी डोळे उघडले. खांद्यावर बारकीच्या आईचा हात होता. खिडकीबाहेर जमीन होती, सामानाच्या गाड्या होत्या आणि नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस जांभई देत होता. आजूबाजूची माणसं बॅगा काढत उभी होती.

"लँडिंग?" त्यांनी विचारलं.

"झालं की मघाशीच."

मला उठवलं का नाहीस, म्हणून ते बायकोवर चिडले. तिने सांगितलं की ती उठवत होती, पण त्यांनी तोंड फिरवलं. एअर होस्टेस उठवायला आली, दोघींनी मिळून बटण दाबून खुर्ची उभी केली, पट्टा तपासला. खुर्ची उभी झाली, माणूस काही उठला नाही. तात्यांनी कपाळाला हात लावला. पोरीने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

दाराशी बारकी उभी होती, टोपी घालून, उतरणाऱ्यांना निरोप देत. तात्या रांगेतून मान खाली घालून पुढे सरकत होते.

"कसं झालं, तात्या?" तिने विचारलं. आवाज कॅप्टनचा नव्हता, पहिल्या सीटवरच्या पोरीचा होता.

खोटं बोलणं सोपं होतं. छान झालं म्हटलं की भागलं असतं. तात्यांच्याने ते होईना.

"मला नाही माहीत, बारके," ते म्हणाले. "मला झोप लागली होती."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घोरत होते. शिट्टी नव्हती हो. साधंच."

"आणि पाय?"

"पाय कसला. एक इकडे, एक तिकडे. स्लीपरसुद्धा निघाली होती."

बारकीने टोपी काढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. मागे को-पायलट उभा होता, त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "माझे वडील झोपले होते." त्या बिचाऱ्याला ह्यात काय विशेष ते कळलं नाही, पण तिचं तोंड बघून त्याने अभिनंदन केलं. मागची रांग खोळंबली होती. तात्यांना तेव्हा कुठे उमगलं की आपण नेमकी कशाची माफी मागतो आहोत. मग तेही हसायला लागले आणि दारातून हलेनात.

हॉटेलला जाताना बारकी स्टाफची गाडी सोडून आईवडिलांबरोबर टॅक्सीत बसली. तात्या पुढे, मायलेकी मागे. आनंदाचा पहिला भर ओसरला तशी बारकीच्या मनात पाल चुकचुकली. दमला असाल तुम्ही, म्हणून लागली असेल, असं ती म्हणाली. बारकीच्या आईनेही भर घातली, की आता वय झालं ह्यांचं, कुठेही डोळा लागायचा.

टॅक्सीवाला चांगला होता. सबुरीने चालवत होता, गचका कसला तो नाही. पहिला सिग्नल आला. बारकी सहज पुढे झुकली आणि दोन सीटांच्या मधून तिला तात्यांचा उजवा पाय दिसला. तो खालच्या रबरी चटईवर घट्ट दाबलेला होता. सिग्नल सुटला, पाय सुटला. वळण आलं, पाय पुन्हा दाबला गेला. तिने आईला कोपराने ढोसलं आणि दोघी बघत राहिल्या.

"तात्या, तुमचा पाय," ती म्हणाली.

तात्यांनी खाली पाहिलं. पाय आपल्या कामावर रुजू होता. त्यांनी तो उचलला नाही. तसाच दाबून धरून ते मागे वळले.

"बारके," ते म्हणाले, "तुला गाडी येते."

मग ते पुन्हा समोर बघायला लागले, कारण पुढे एक वळण होतं आणि टॅक्सी दुसराच कुणी चालवत होता.