मंगळवारची बाही

आमच्या घरात महिन्याचा पहिला दिवस बायकांचा. आम्ही ज्यू, आमचा महिना चंद्राबरोबर सुरू होतो आणि त्या दिवसाला रोश होदेश म्हणतात. त्या दिवशी बायकांनी सुईला हात लावायचा नाही. कारण फार जुनं आहे. वाळवंटात पुरुषांना सोन्याचं वासरू करून पुजायची हुक्की आली, तेव्हा बायकांनी कानातलं काढून द्यायला साफ नकार दिला. त्याचं बक्षीस म्हणून दर महिन्याला सुट्टी. ही गोष्ट सासूबाई मला अशा सुरात ऐकवतात, की ते वासरू जणू मीच ओतलं होतं.

सासूबाई, त्यांची धाकटी बहीण म्हणजे मावशी, आणि माझी बायको, तिघी मिळून शिवणकामाचं दुकान चालवतात. कोट शिवावा तर यांनीच, असं नाव आहे. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात मी चष्मे बनवतो.

गोम अशी, की रोश होदेश कधी एक दिवसाचा असतो, कधी दोन. सरता महिना तीस दिवसांचा असला, तर त्याचा तिसावा दिवसही धरतात. आदल्या शनिवारी प्रार्थनामंदिरात ते जाहीर होतं. सासूबाईंचा छापील कॅलेंडरवर काडीचा विश्वास नाही. तिथे ऐकलेलं तेवढंच खरं. या वेळी मावशींचा गुडघा सुजला म्हणून तिघी घरी राहिल्या आणि ऐकून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गेलो. ‘सोमवारी’ एवढं ऐकलं, कर्तव्य पार पडलं असं समजलो आणि उभ्या उभ्या डुलकी काढली. ‘आणि मंगळवारी’ हे त्या डुलकीत वाहून गेलं.

सोमवारी तिघींनी मस्त आराम केला. मंगळवारी सकाळी दुकान उघडलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं त्याच दिवशी पाच वाजता लग्न, आणि त्याच्या कोटाला डावी बाही लावायची राहिली होती. सासूबाईंनी सुईत दोरा ओवला, तेवढ्यात प्रार्थनामंदिर सांभाळणारे काका बटण लावून घ्यायला आत आले.

“हे काय, आज कामाला बसलात? आज दुसरा दिवस ना!”

सासूबाईंनी सुई अशी खाली ठेवली, जशी काही ती तापलेलीच होती. मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच छताकडे पाहिलं.

“बाही कोण लावणार?” बायकोनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

“दुसऱ्याचा कोट घालायला सांगा त्याला,” मी म्हणालो.

“त्याचे खांदे पाहिलेत? दोन माणसांचे कोट जोडावे लागतील,” मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी कोट माझ्या मांडीवर टाकला. “चष्म्याचे एवढेसे स्क्रू बसवता ना? मग बसवा बाही. नाहीतर भर हॉलमध्ये सगळ्यांना सांगेन, कुणामुळे नवरा एका बाहीनं उभा राहिला ते.”

सासूबाई बोलतात ते करतात, आणि खोटं तर कधीच बोलत नाहीत.

तिघी खुर्च्या ओढून, चहाचे कप घेऊन समोर बसल्या.

“आधी मुंढ्याला टाचण्या लावा.”

“मुंढा म्हणजे?”

“अरे देवा. हात घालायचं भोक!”

“टाके बारीक घ्या.”

“एवढे बारीक नकोत, लग्न आजच आहे!”

चार वेळा बोटात सुई घुसली. मध्येच मावशींचा हात आपोआप पुढे यायचा आणि बायको तो मागे ओढायची. अडीच वाजता मी शेवटची गाठ मारली आणि ऐटीत उठलो. कोटही माझ्याबरोबर उठला. बाही मी माझ्या पँटला पक्की शिवली होती, मांडीच्या बरोबर वर.

तिघी इतक्या हसल्या, की दाराबाहेर रेंगाळणारे काका धावत आत आले.

“उसवू का?” बायकोनं विचारलं. “उसवणं म्हणजे काही शिवणं नाही.”

“उसवलं तर परत शिवावं लागेल, आणि यांना परत तीन तास लागतील,” सासूबाई म्हणाल्या. “पँट काप.”

बायकोनं कात्री घेतली. माझ्या राखाडी पँटचा वीतभर तुकडा बाहीच्या आत तसाच राहिला आणि कोट तीन वाजता बेकरीवाल्याच्या अंगावर चढला. डावा हात सतत थोडा वर राहत होता, कुणाला तरी थांबा म्हणावं तसा.

हॉलमध्ये मी खांबाआड उभा राहिलो. नवऱ्याची आत्या बाही चाचपत थेट सासूबाईंकडे आली. “अहो, तुमच्या दुकानाचं एवढं नाव, आणि ही बाही कुणी शिवली?”

आता माझं नाव निघणार, डुलकी निघणार, कदाचित वासरूही निघणार.

“आमच्या मुलानं,” सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना मुलगा नाही. दोन मुलीच आहेत. मी खांबाआडून पहिल्यांदाच डोकं बाहेर काढलं.

आत्या डोळे बारीक करून बघत राहिली, तेव्हा त्यांनी आवाज थोडा चढवला. “उजवी मी शिवलीय. त्या फोटोवाल्याला सांगा, पलीकडून काढ म्हणावं.”