बघून झालेला बिबट्या

घड्याळजी बायकोला सिस्टर म्हणत. ती जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, मग यांच्याही तोंडी तेच बसलं. लोक फिदीफिदी हसायचे, ती कपाळावर हात मारून घ्यायची, पण हे काही सुधारले नाहीत. स्वतः बाजारपेठेच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मान मोडेस्तोवर बसणाऱ्या या माणसाला एकच वेड होतं, जंगलाचं. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लागायचं आणि दोघं कुठल्या तरी अभयारण्यात धूळ खाऊन यायची.

जीपमध्ये त्यांची एक पद्धत ठरलेली. गाडीचं नाक म्हणजे बारा. जनावर आधी यांना दिसायचं, मग हे तिचं मनगट दाबून हळूच सांगायचे, दोनवर, झुडपामागे. किंवा दहावर, पाण्याजवळ. बोट दाखवायचं नाही, आवाज करायचा नाही. वाघ, अस्वल, गवे, रानकुत्री, सगळं तिने या काट्यांवर पाहिलं होतं. राहिला होता तो बिबट्या. यांना तो दिसला होता, पण ती मान वळवेपर्यंत स्वारी पसार. "सवत आहे मेली माझी," ती म्हणायची, "तुम्हाला तेवढं तोंड दाखवते."

मग तिच्या नजरेत मधोमध डाग आला. आधी पेपरातली अक्षरं गेली, मग समोरच्या माणसाचा चेहरा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हा पसरत जाणार, उपाय नाही. अगदी हाताशी असलेलं मोठं काही आणि कडेकडेचं तेवढं अजून दिसत होतं. ती रडली नाही. वॉर्डात दुसऱ्यांना धीर देण्यात आयुष्य गेलेली बाई ती. फक्त एकदा कपाटातले कपडे चाचपत घड्या घालताना म्हणाली, "तेवढा बिबट्या बघून घ्यायला हवा होता." झालं. घड्याळजींनी दुकान विकलं, आणि दोघं समुद्रापलीकडच्या, भाषेचं एक अक्षर न कळणाऱ्या मुलखात येऊन पोचली. तिथे बिबटे हमखास दिसतात, असं कुणीतरी यांच्या कानात भरवलं होतं.

हमखास वगैरे काही नसतं. रोज पहाटे उठायचं, खडखडत हिंडायचं आणि ऊन चढलं की हात हलवत परत यायचं. हत्ती दिसले, हरणांचे कळप दिसले. म्हणजे यांना दिसले. तिला करडं काहीतरी हललेलं कळायचं आणि ती हो हो म्हणायची. शेजारच्या तंबूत एक मास्तरीण एकटीच उतरली होती. तीही बिबट्यासाठीच आलेली. जेवताना दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपापल्या फजितीवर हसायच्या.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारनंतर हेही निघणार होते आणि मास्तरीणही. सिस्टरने त्या सकाळी दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही, मांडीवर घेऊन बसून राहिली. "जाऊ द्या हो," ती म्हणाली, "एवढ्या लांब आणलंत, खूप झालं." ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने घड्याळजींचा जीव पार गोळा झाला. लांब माळावर एक मोठं झाड उभं होतं. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली आणि तिचं मनगट दाबलं.

"अकरावर. मोठं झाड, आडवी फांदी. आहे."

फांदीवर पान हलत नव्हतं, बिबट्या कुठला. ड्रायव्हर डोळे ताणून बघत राहिला आणि बुचकळ्यात पडून मागे वळला. घड्याळजींनी ओठांवर बोट ठेवलं, आधी आपल्या डोळ्यांकडे, मग बायकोकडे खूण केली. त्या भल्या माणसाला कळलं. तो मुकाट्याने पुढे बघत बसला.

तिने घाईघाईने दुर्बीण लावली. कसा बसलाय, सांगा ना, म्हणाली. आणि गिऱ्हाइकाला चांगली स्प्रिंग बिघडली म्हणून कधी न सांगणारा हा माणूस धडधडीत खोटं सांगत सुटला. पाय फांदीच्या दोन्ही बाजूंनी लोंबताहेत, पोट भरलेलं दिसतंय, कान हलवतोय. शेपटी? शेपटी आत्ताच हलली बघ. सिस्टरने दुर्बीण खाली घेतली तेव्हा तिचे गाल ओले होते. "मिळाला हो एकदाचा," ती म्हणाली. वर्षभरात तिचा चेहरा एवढा मोकळा झाला नव्हता, आणि घड्याळजींना वाटलं, या पापाचा काय हिशेब व्हायचा तो होऊ दे.

तेवढ्यात ड्रायव्हरचा वायरलेस खरखरला. त्याचा चेहरा उजळला, त्याने गाडी चालू केली. ओढ्यापाशी बिबट्या होता, खराखुरा. तिथला नियम ड्रायव्हरने इंग्रजीत सांगितला, की एका जनावरापाशी तीनच गाड्या. दोन पोचल्या होत्या. ज्यांना त्या फेरीत दिसला असेल, त्यांनी दुसऱ्यांना जागा द्यायची. सिस्टरला एवढं इंग्रजी कळत होतं. तिने विचारलं, मास्तरणीची गाडी कुठे आहे? आपल्याएवढीच लांब, ड्रायव्हर म्हणाला, तीही जागा मागतेय. सिस्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगून टाकलं, आम्ही आत्ताच पाहिला, त्यांना जाऊ दे.

ड्रायव्हरने आरशातून घड्याळजींकडे पाहिलं.

"अगं, परत एकदा बघू की," ते कसेबसे म्हणाले.

"कशाला? माझं झालं. ती बिचारी एकटी आलीय, आज जाणार."

एक वाक्य बोलायचं होतं. झाडावर काही नव्हतं, सिस्टर, मी थाप मारली. पण तिचा तो चेहरा समोर होता. आरशातले डोळे वाट बघत होते. घड्याळजींनी नको म्हणून मान हलवली. ड्रायव्हर वायरलेसवर चार शब्द बोलला आणि गाडी मुक्कामाकडे वळली.

ही दोघं तंबूबाहेर खुर्च्या टाकून बसली होती, तिथे मास्तरीण धावतच आली आणि सिस्टरच्या गळ्यात पडली. बिबट्या ओढ्यातून वर आला, थेट तिच्या गाडीला खेटून गेला. हात बाहेर काढला असता तर पाठीला लागला असता. मिशा दिसल्या, श्वास ऐकू आला. सिस्टर प्रत्येक वाक्य हौसेने यांना मराठीत सांगत होती, जसं काही यांना कळलंच नव्हतं. घड्याळजी जमिनीकडे बघत ऐकत होते. तेवढ्या अंतरावरचा तिला दिसला असता.

सांगता सांगता ती थांबली.

"आपला किती लांब होता हो?"

"बराच लांब होता."

"तरीच," ती म्हणाली आणि चाचपडत त्यांचं मनगट धरलं. "मला नुसतं झाडच दिसलं, तेही अंधुक. म्हटलं, तुम्ही सांगताय म्हणजे असणारच."

मग ती मास्तरणीकडे वळली आणि आपल्या बिबट्याची शेपटी कशी हलली, ते सांगायला लागली.