राईचं गवत

दिवे लागायच्या आधी झुंबरबाई नवऱ्याला ओट्यावर बसवायची, त्याच्या धोतराचा सोगा मांडीवर घ्यायची आणि तांदूळ निवडावेत तसं धोतर निवडायला लागायची. भिमाजी लहान पोरासारखा गप बसून राहायचा. मध्येच जिभेनं टाळूवर आवाज काढून "हुर्र, हुर्र" करायचा आणि अंगणात नसलेली मेंढरं वळवायचा. मेंढरं विकली त्याला जमाना झाला होता. पण शेजारपाजारच्यांना त्या हाकेची इतकी सवय झाली होती, की कोंबडा आरवला तर मान वर होईल, भिमाजीच्या हाकेला होत नसे.

दोन वर्षांमागं म्हाताऱ्याच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या. आधी माणसांची नावं गेली, मग वाटा गेल्या. पाय तेवढे शाबूत राहिले. उभा जन्म मेंढरांमागं चाललेले पाय, ते घरात कसे ठरणार? डोळा चुकला की तो बाहेर पडायचा. कधी कुणी हाताला धरून आणून सोडायचं, कधी आपला आपण परतायचा. कुठं गेला होता विचारलं, की नुसता हसायचा.

झुंबरबाईला विचारायची गरज नव्हती. धोतर सांगायचं.

ही विद्या तिला सासऱ्यानं दिली होती. रानात मुक्काम पडला, की सासरा एकेका मेंढराच्या लोकरीत बोटं घालायचा आणि चारणाऱ्या पोराला सांगायचा, आज मेंढरं कुठल्या रानात घातलीस. पोरगं खोटं बोललं, तरी लोकर खोटं बोलत नसे. आता तीच विद्या झुंबरबाई नातीला देत होती. प्रगती चौथीत होती, आणि संध्याकाळचा हा खेळ तिला फार आवडायचा.

"ह्ये कुठलं?" प्रगती चिमटीत एक दाणा धरून विचारायची.

"टोचतंय का बघ आधी."

"टोचतंय. शेपूट पिळल्यागत हाय."

"मग कुसळ. कुसळ माळावर. तुझा आजा माळावर जाऊन आला."

"आन् ह्ये काट्याचं?"

"गोखरू. त्यो उसाच्या कडंनी, गाडीवाटंला. आता आज्याचे तळपाय बघ. दुखलं तरी सांगायचा न्हाई त्यो."

तिसरा दाणा निराळा असायचा. तो टोचत नसे. काकवीचा थेंब लागावा तसा तो बोटालाच चिकटून बसायचा आणि झटकला तरी सुटायचा नाही.

"ह्यो बिरोबाच्या राईतला," झुंबरबाई सांगायची. "राईचं गवत. ह्येला ऊन सोसत न्हाई. दाट सावलीत, ओल्या पाचोळ्यात सरपटत जातं. ताठ उभं राहायचं ठावंच न्हाई त्येला. जमिनीला टेकलं की पेराला मूळ फुटतं. मग थोडं फुडं सरकायचं, परत टेकायचं, परत मूळ. पान म्हणशील तर बारक्या बांबूवानी, पर कडा लाटंसारखी वरखाली. आन् दाणं पिकलं, की दाण्याच्या केसाला चीक सुटतो. जवळनं जाईल त्येला धरतं."

"कशाला धरतं?"

"त्येला पाय न्हाईत म्हणून. दुसऱ्याच्या पायानं हिंडतं, बाई."

बिरोबाची राई गावाच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावर होती. पाण्यापलीकडं दौंड तालुका. सगळा मुलूख उन्हानं भाजलेला नाहीतर उसानं भरलेला. जुन्या जांभळी-करंजांच्या सावलीचा तेवढा एकच तुकडा. राईतली काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा पूर्वीपासूनचा दंडक. पण हे गवत आपण होऊन अंगाला चिकटून यायचं. आलंच, तर ते चुलीत घालायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही. देवाचं आहे, सावलीत टाकायचं. सासऱ्यानं सांगितलं होतं आणि झुंबरबाईनं ते पाळलं होतं. निवडून झालं, की ती मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी राहायची आणि मूठ परसात भिरकावायची. पायऱ्या उतरणं तिनं गुडघ्यांपायी सोडलं होतं. परसाला चारी बाजूंनी भिंत होती, मधोमध मोठं उंबर, आणि उंबराखाली जुना आड. घरात नळ आल्यापासून तिकडं कुणी फिरकत नव्हतं. आडाच्या तोंडावर अर्ध्यात फरशी होती आणि अर्ध्यात काट्याकुट्या टाकलेल्या.

यंदाच्या पावसाळ्यानंतर धोतरात कुसळ दिसेना, गोखरू दिसेना. नुसतं राईचं गवत. रोज. झुंबरबाईला एका अर्थी बरं वाटलं. सगळं विसरला, पण देव विसरला नाही म्हातारा. मग लगेच दुसरा विचार यायचा. राईला लागूनच नदीचा डोह. तिनं रविराजला सांगून पुढच्या दाराला उंचावर कडी बसवून घेतली. रविराज तिचा मुलगा. कारेगावला कंपनीत होता, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून कडीची राखण सून सोनमकडं आली.

कडी बसली तरी दाणे येतच राहिले.

"सोनम, कडी उघडी टाकलीस परत."

"न्हाई, आत्या. तुमच्याम्होरंच लावली की."

"मग ह्ये काय?" झुंबरबाईनं चिकट बोटं तिच्या डोळ्यांपुढं धरली. "राई काय चालत घरात आली व्हय?"

"मला काय ठावं. तुमचं दाणं तुमच्याशीच बोलत्यात."

"उलटून बोलू नगंस. उद्या डोहात गेलं मानूस, तर त्ये तुझ्या कडीपायी जाईल."

त्या दिवसापासून सोनम कडी लावली, की दोनदा ओढून बघायची.

दसरा होऊन गेला, आणि एका दुपारी भिमाजी नाहीसा झाला. सोनम तेवढ्यात गिरणीवर जाऊन आली होती. झुंबरबाईचा पडल्या पडल्या डोळा लागला होता. उठून बघते, तर बाज रिकामी. तिनं सोनमकडं नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात सगळं आलं.

"राईत हायेत," ती म्हणाली. "पोरं पाठवा राईत. आधी डोहाकडं बघा."

रविराज पाळी अर्ध्यात टाकून आला. शेजारच्या ईश्वरनं गावातली पोरं गोळा केली. राईत कुणी नव्हतं. सगळे उतार धरून पाण्याकडं गेले. गळ टाकले, होडी आणली. पलीकडच्या गावांना फोन गेले, म्हाताऱ्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. घराला कुलूप लावून घरातली सगळी नदीवर जाऊन बसली, आणि अंधार पडला तरी उठली नाहीत.

सकाळी चहाला म्हणून घरी येऊन कुलूप उघडलं, तेव्हा शेजारची सरूबाई ओट्याशी आली.

"आलं न्हवं म्हातारं? बरं झालं, बया."

"कुठं आलं?" रविराज म्हणाला.

"आँ? रातभर हाका देत व्हतं की मेंढरांला. मी म्हणलं, घावलं वाटतं, आणून झोपवलं."

"घराला कुलूप व्हतं, काकी."

सरूबाई गोंधळली. झुंबरबाईनंच हात झटकला. "रोजचं ऐकून कानात बसलंय, सरू. मला बी वाऱ्यात ऐकू येतंय."

सोनमनं तेवढ्यात नुसतं लोटलेलं मागचं दार उघडलं. "परसात बघावं का, आत्या?"

"परसाला वाट हाय का कुठं भायेर जायला? नदीवर मानसं खोळंबल्यात, आन् हिला परस सुचतंय."

तरी रविराजनं उंबऱ्यातून डोकावून पाहिलं. उंबराखाली सगळं हिरवंगार, एकसारखं, सतरंजी अंथरल्यागत. कुठं काही मोडलेलं दिसलं नाही. त्यानं दार लावून घेतलं.

झुंबरबाईनं मग हट्टच धरला. "मला ने राईत. त्यांची बसायची जागा मला ठावं हाय. तुमी पोरं नुसती वरनं बघून आला असाल." गुडघे सांभाळत ती मोटरसायकलवर मागं बसली. सोबतीला ईश्वर आपल्या गाडीवर होता.

बिरोबाची जत्रा होऊन गेली होती, पण म्हाताऱ्याला एकटं टाकून तिला जाता आलं नव्हतं. राईत पाय ठेवला आणि ती उभीच राहिली. खाली माती नव्हती. लाल-करडे सिमेंटचे ठोकळे बसवले होते, पार भिंतीपासून भिंतीपर्यंत. जांभळी-करंजांच्या बुंध्यांना गोल ओटे बांधलेले. पाचोळा लोटून कोपऱ्यात ढीग केलेला. देवळावर नवी पाटी, झाडांवर विजेच्या नळ्या.

"ह्ये कवा झालं?"

"उन्हाळ्यात की, मामी. जत्रेच्या आधी," ईश्वर म्हणाला. "देवस्थानाच्या पोरांनी वर्गणी काढली. झकास झालं, चिखल न्हाई, साप-किरडू न्हाई."

"गवत?"

"गवत कशाला राहतंय आता."

झुंबरबाई म्हाताऱ्याच्या जागेपर्यंत चालत गेली. जांभळीखाली बसली, उठली, पुन्हा देवळापर्यंत आली. लुगड्याचा काठ तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिला. सिमेंटची पांढरी धूळ होती. एक दाणा नव्हता. ठोकळ्यांच्या फटीसुद्धा कोरड्या होत्या.

उन्हाळ्यापासून इथं गवत नाही. आणि पावसाळा सरल्यापासून रोज धोतरात गवत. जे गवत उन्हात जगत नाही, ज्याला सावली लागते, ओल लागते, आणि कुणाचे तरी पाय लागतात इकडून तिकडं जायला. पाय, नाहीतर हात. झुंबरबाईनं स्वतःचा उजवा हात पाहिला. गेल्या सालापासून रोज संध्याकाळी तो हात उंबऱ्यातून बाहेर झाला होता आणि उघडला होता.

"रवी, घरी चल."

"आई, बंधाऱ्याकडं पोरं..."

"घरी चल. परसात."

मागच्या दाराच्या पायऱ्या ती बसून बसून उतरली. कुणाला हात लावू दिला नाही. खाली पाऊल टेकलं आणि लुगड्याला गवतानं धरलं. उंबराची गच्च सावली, कुजलेल्या पाल्याची ओल. राईत होतं तसंच सगळं. बुंध्याशी एक जागा दबून घरट्यासारखी झाली होती. कुणीतरी रोज येऊन बसल्याशिवाय अशी जागा होत नाही. तिथं भिमाजीची चुन्याची डबी पडली होती. म्हाताऱ्यानं राई शोधायला पुढच्या दाराबाहेर पाऊलच टाकलं नव्हतं. त्याला ती इथंच सापडली होती.

डबीपलीकडं हिरवळ तशीच पुढं गेली होती, फरशीवरून, काट्याकुट्यांवरून. आड कुठं संपतो आणि जमीन कुठं लागते, ते कळत नव्हतं. एका ठिकाणी तेवढी ती किंचित खाली झोळ खाल्ल्यासारखी दिसत होती. लांब लांब धागे वरून पुन्हा एकमेकांवर पडले होते.

रविराजनं गुडघे टेकले आणि गवताला हात घातला. ते गोधडीसारखं उचललं गेलं, पेरापेराची मुळं तटातट तुटत. खालच्या काटक्या मोडलेल्या होत्या. ईश्वरनं मोबाईलचा उजेड आत सोडला.

आडात पाणी फार नव्हतं, गुडघाभर असेल. म्हातारा बुडाला नव्हता. भिंतीला पाठ लावून, मान वर करून बसला होता. दोन्ही मुठींत गवताचे तुटलेले धागे होते.

दवाखान्यात डॉक्टरनं रविराजला बाजूला घेतलं आणि जीव कधी गेला असावा ते हळू आवाजात सांगितलं. घरी आल्यावर रविराजनं ते आईला सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं. सरूबाई ओट्याच्या टोकाला येऊन बसली होती आणि कुणाकडंच बघत नव्हती.

माती देऊन माणसं परत आली. परसात दिवसभर वर्दळ झाली होती, ज्याच्या त्याच्या विजारीच्या पायांना दाणे चिकटलेले. ओट्यावर बसल्या बसल्या माणसं ते खरवडत होती, अंगणात टाकत होती, काही तसेच घेऊन आपापल्या घरी गेली. प्रगतीच्या फ्रॉकलाही एक होता. तिनं तो काढून तळहातावर घेतला, आजीकडं पाहिलं, आणि विचारलं नाही.

अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. सोनम तिच्यापाशी बसून नवऱ्याची विजार निवडत होती. मूठ भरली, तेव्हा ती घुटमळली.

"कुठं टाकू, आत्या?"

झुंबरबाईनं चुलीकडं बोट केलं.

"टाक त्यातच."

सोनमनं हात जाळापुढं नेऊन उघडला. दाणे पडेनात. चिकानं ते बोटांना धरून बसले होते. तिनं हात झटकला, पुन्हा झटकला. मग झुंबरबाई सरकत सरकत तिच्याजवळ आली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक दाणा सोडवून जाळात टाकायला लागली.

"कडी लावली व्हतीस तू," ती खाली मान घालूनच म्हणाली.

सोनमनं हात तसाच राहू दिला.