आईकडची तिसरी धाव

मी एक जुना लाकडी योहान आहे. जुना आहे, पण थकलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. देवळातले बाकीचे पुतळे हात जोडून, डोळे मिटून शांत उभे असतात. माझा उजवा पाय पुढे पडला आहे, डावी टाच उचललेली आहे, झगा मागे उडतो आहे आणि तोंड उघडे आहे. मित्रांनो, मला पळण्यासाठीच घडवले आहे.

इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या डोंगरात आमचे गाव आहे. तिथल्या लिबोरियो नावाच्या कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडातून कोरले. पळणारा पुतळा जड असून कसा चालेल? म्हणून त्याने मला आतून पोखरून हलके केले. माझ्या शेजारच्या कोनाड्यातला पेत्र भरीव आहे आणि त्याला त्याचा कोण गर्व! पण पेत्र कधी कोनाड्याबाहेर पडत नाही. मी दर ईस्टरला पडतो.

मी ज्याचा पुतळा आहे त्याची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. येशूच्या बारा शिष्यांत योहान सर्वांत धाकटा. तो आणि त्याचा भाऊ याकोब गालीलच्या सरोवराकाठी जाळी सांधत बसले होते. येशूने जाताजाता हाक मारली, आणि हे दोघे जाळी, होडी आणि बाप तिथेच सोडून त्याच्यामागे निघाले. दोघेही भारी तापट. एका गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही, तर म्हणाले, आकाशातून आग पाडू का? येशूने त्यांचे नावच गर्जनेचे पुत्र असे ठेवले. पुढे त्यांच्या आईने येशूला गळ घातली की तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे बसव आणि एक डावीकडे. ते ऐकून उरलेले दहा जण असे संतापले की विचारू नका. शेवटच्या जेवणाला येशूने कमरेला पंचा गुंडाळला आणि त्या सगळ्यांचे धुळीने भरलेले पाय आपल्या हातांनी धुतले. मग कोण उजवीकडचा आणि कोण डावीकडचा हा प्रश्न कोणी काढला नाही.

येशूला पकडून देणारा त्या बारांतलाच एक होता. पकडले तेव्हा सगळे पांगले. त्यांच्यातल्याच पेत्राने तर मी त्याला ओळखत नाही म्हणून हात झटकले. येशूला क्रुसावर खिळले तेव्हा खाली शेवटपर्यंत उभा राहिला तो योहान. येशूने वरून त्याच्याकडे पाहिले, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या आईकडे, मरियेकडे पाहिले आणि म्हणाला, ही तुझी आई. त्या दिवसापासून योहानाने तिला आपल्या घरी सांभाळले. येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची कबर रिकामी आहे असे कळले तेव्हा पेत्र आणि योहान दोघेही धावत सुटले, आणि आधी पोहोचला तो योहान. हा विषय निघाला की शेजारच्या पेत्राचे तोंड जरा जास्तच लाकडी होते.

आता आमच्या गावची रीत. ईस्टरच्या सकाळी चौकाच्या एका टोकाला पुन्हा उठलेल्या येशूचा पुतळा असतो. दुसऱ्या टोकाला, गल्लीच्या वळणाआड, काळ्या शालीतली मरिया असते. मुलगा जिवंत आहे हे तिला माहीत नाही. ती बातमी घेऊन मी धावतो. पहिल्या धावेला तिला पटत नाही. दुसऱ्या धावेलाही पटत नाही. तिसऱ्या धावेला ती वळणाबाहेर येते, समोर मुलगा दिसतो, आणि धागा ओढताच काळी शाल गळून आतली निळी, सोनेरी चांदण्यांची वस्त्रे झळकतात. शाल एका झटक्यात पडली तर गावाचे वर्ष चांगले जाते. ती अडकली ती वर्षे म्हातारी माणसे अजून नावे घेऊन मोजतात.

मला चौरंगावर उभे करून त्याचे दांडे खांद्यावर घेत चार जण धावतात. मागच्या दोघांना माझ्या चौरंगामुळे समोरचे काहीच दिसत नाही. ते पुढच्या दोघांच्या हाकेवर पळतात. उजवीकडचा ओरडतो, "येतोस का?" आणि डावीकडचा ओरडतो, "आलो!" या तालावर आठही पाय एकदम पडतात. हाक चुकली की मी कोलमडलोच म्हणून समजा.

आमच्या गावात सेराफिना नावाची बाई आहे. मरियेची काळी शाल तीच टाचते. कच्चा धावदोरा घालते, गाठ मारत नाही, आणि धाग्याचे टोक स्वतःच्या हातात ठेवून मरियेच्या मागे चालते. तिचा नवरा उजव्या खांद्याचा खांदेकरी होता. त्याची हाक डोंगरापलीकडे ऐकू जायची. तो म्हातारा झाल्यावर त्याची दोन मुले पुढे आली. थोरला पान्तालेओने उजवीकडे आणि धाकटा अगाझियो डावीकडे. दोघे अगदी सारख्या उंचीचे. त्यांच्या खांद्यावर माझ्या हातातल्या फुलांची पाकळीसुद्धा पडायची नाही. मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षे होती. लोक माझ्या नावाने टाळ्या वाजवायचे आणि मी त्या हक्काने घ्यायचो.

पुढे अगाझियो उत्तरेला तोरिनोच्या मोटारींच्या कारखान्यात लागला. एका हिवाळ्यात बाप गेला. अगाझियो पोहोचला तेव्हा दफन उरकून लोक देवळाच्या पायऱ्या उतरत होते. पान्तालेओनेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पाहुणे आले. अरे, कोणी खुर्ची द्या त्यांना."

अगाझियो त्याच संध्याकाळी परत गेला. दोघा भावांचा अबोला सुरू झाला. नाताळला अगाझियोने आईसाठी पानेत्तोने हा तिकडचा उंच गोड पाव पाठवला, तर पान्तालेओनेने तो पुढच्या गाडीने परत पाठवला. बिचाऱ्या पावाने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला.

चौथा खांदेकरी मिळेना. तरणी माणसे सगळी उत्तरेला गेलेली. मी कोनाड्यात पडून राहिलो, पुढच्या पायाला कीड लागली, चौरंगावर बारीक भुसा पडू लागला. एका ईस्टरला आमच्या फादर जेसुआल्दोंनी मला रबरी चाकांच्या गाड्यावर चढवले. पुढचा पाय हवेत, झगा उडतोय, आणि मी भाजीच्या हातगाडीसारखा गडगडत चाललोय! चौकात एक चाक दगडांत रुतले. बातमी पोहोचली, शालही पडली, पण टाळ्या वाजल्या नाहीत. फादर घाम पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी शहरातून नवा पुतळाच मागवू. हा आता कपाटात ठेवू या."

सेराफिना मागेच उभी होती. ती तडक कॉफीच्या दुकानात गेली आणि तिथल्या फोनवरून तोरिनोला ओरडली, "अगाझियो, योहानाचे पाय काढून घेतले रे मेल्यांनी! पुढच्या ईस्टरला आला नाहीस तर माझ्या दफनालाही येऊ नकोस." हे मला फादरांकडूनच कळले, कारण मेल्यांमध्ये आपणही येतो याचे त्यांना वाईट वाटले होते.

पुढच्या ईस्टरला अगाझियो आला, आणि चौघे जमले म्हणून फादरांनी नव्या पुतळ्याचा बेत लांबवला. ईस्टरच्या आदल्या दिवशी सेराफिना माझ्यासमोर बसून शाल टाचत होती. देवळात दुसरे कोणी नव्हते. ती माझ्याशी नेहमी बोलते.

"आला तर खरा," ती म्हणाली. "दोघं एका टेबलावर जेवतात, पण मीठ माझ्या हातून जातं. आई, त्याला सांग मीठ दे. आई, त्याला सांग मीठ तिथंच आहे. मी काय मिठाची बरणी आहे?" तिने दात लावून धागा तोडला आणि माझ्याकडे वर पाहिले. "तुझ्या हाती त्याने आपली आई दिली होती ना? मग मीही आईच आहे. मी गेल्यावर हे दोघं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत. काहीतरी कर. तुला पळता येतं ना?"

मला पळता येते. मला दुसरे काहीच येत नाही, हे मी तिला कसे सांगणार? तरी मी मनात म्हटले, बघच तू उद्या.

दुसरा दिवस उजाडला. चौक खच्चून भरला. पुढे दोघे भाऊ, मागे जाडा कोझिमो आणि त्याचा मेहुणा. चौघांनी मला उचलले. बॅन्ड थांबला. पान्तालेओने हाक देईल म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. त्याने हाक दिलीच नाही. नुसता पळत सुटला.

पुढचे दोघे दोन तालांत, मागचे दोघे आंधळे. मी एकदा इकडे झुकलो, एकदा तिकडे. फुले दगडांवर सांडली. गच्चीवरून कोणीतरी ओरडले, "योहान सकाळीच ढोसून आलाय रे!" आणि चौक हसला. मरियेसमोर मी कसाबसा वाकलो. तिला पटले नाही. माझे मलाही पटले नसते.

दुसरी धाव आणखी वाईट. कोझिमो मागून ओरडत होता, "अरे, हाक द्या! मला काय पाठीला डोळे आहेत?" वळणावर चौरंग भिंतीला घासला आणि माझ्या किडलेल्या पायातून कडकन आवाज आला. मी मरियेसमोर वाकलो तेव्हा पाय भेगाळला होता. तिच्या मागून सेराफिना पुढे आली. धाग्याचे टोक तिच्या मुठीत होते.

"ऐका रे दोघं," ती हळूच म्हणाली. "मी धागा ओढणार नाही."

फादरांच्या हातातले पुस्तक पडायचे राहिले. "सेराफिना! अहो, गावाचं वर्ष आहे हे!"

"गावाचं वर्ष आहे फादर, आणि माझं घर आहे. मुलगा जिवंत आहे हे आईला कधी पटतं? मुक्यानं येऊन सांगितल्यावर? मला दोन्ही मुलांची हाक ऐकू येऊ दे. नाही आली, तर ही काळी शाल राहील अशीच, आणि उद्या लोक विचारतील तेव्हा मी सांगेन का राहिली ते."

मला हळूहळू चालवत पुन्हा येशूच्या टोकाला नेले. परत जाताना हसणारे कोणी नव्हते. पुढच्या बायकांनी ऐकले होते आणि आमच्या चौकात बातमी माझ्याहूनही जोरात धावते. तिसऱ्या धावेसाठी आम्ही उभे राहिलो. पान्तालेओनेने दांडा खांद्यावर नीट बसवला. तो समोर बघत राहिला. मित्रांनो, त्या क्षणी मला फार भीती वाटली. कपाटाची नव्हे. वळणाआड एक म्हातारी मूठ आवळून कान देऊन उभी होती, तिच्यासाठी.

मग डावीकडून अगाझियो बोलला. "दादा, हाक दे."

पान्तालेओनेने मान दुसरीकडे वळवली.

"बाबांसारखी दे. दादा, बाबा गेले त्या वेळी मी लगेच निघालो होतो रे. बर्फात गाडी अडकली. पहाटेपर्यंत डब्यात उभा होतो मी. तू विचारलंच नाहीस."

"तूही सांगितलं नाहीस," पान्तालेओने म्हणाला. किती वर्षांनी त्याने थेट भावाला उत्तर दिले!

"तू खुर्ची मागवलीस ना माझ्यासाठी. मग काय सांगायचं?"

पान्तालेओनेने खांद्याला नाक पुसले. "चुकलं माझं," तो पुटपुटला. "फार चुकलं."

"अरे, गळाभेट नंतर घ्या," मागून कोझिमो कण्हला. "माझा खांदा तुटला इथं!"

पान्तालेओनेने छाती भरून श्वास घेतला. पहिली हाक घशातच फुटली, ती फक्त मला ऐकू आली. दुसरी हाक त्याच्या बापाची होती. "येतोस का?"

"आलो!"

"येतोस का?"

"आलो, दादा!"

आणि मी धावलो! माझ्या साऱ्या आयुष्यात असा धावलो नव्हतो. आठ पाय एकदम पडत होते, दगड वाजत होते, झगा खरोखरच उडतो आहे असे वाटत होते. वळणाआडून मरिया बाहेर आली. नेहमी ती चालत येते; त्या दिवशी तिचे खांदेकरीही पळाले आणि साठी उलटलेली सेराफिना मागून धावली. समोर मुलगा दिसला. सेराफिनाने धागा ओढला. शाल एका झटक्यात गळाली आणि निळ्या वस्त्रांवर ऊन पडले. घंटा, बॅन्ड, टाळ्या सगळे एकदम सुरू झाले. सेराफिना ती काळी शाल पोटाशी धरून भर चौकात मोठमोठ्याने रडत होती.

थांबताना माझ्या पुढच्या पायाचा चवडा तुटून पडला. पान्तालेओनेने तो उचलून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी मिळून कीड खरवडून काढली, औषध भरले आणि अक्रोडाचाच तुकडा जोडून पाय सांधला. जोड थोडा दिसतो. मला तो आवडतो. रबरी चाकांचा तो गाडा आता फादरांच्या अंगणात फुलांच्या कुंड्या वाहतो.

पाय सांधला त्याच दिवशी सेराफिना माझी धूळ पुसायला आली. फडके हातात, पण पुसायचे भानच नाही.

"काल जेवताना मी सवयीनं मिठासाठी हात पुढे केला," ती म्हणाली. "तर दोघं एकदम म्हणाले, आई, तू जेव ना." असे म्हणून ती तोंडाला फडके लावून हसत बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, कीड लागली तर वेळेवर औषध करा. आम्ही लाकूड आहोत, आम्हाला मागता येत नाही. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात कोणी कोणाशी अबोला धरला असेल तर कोणाच्या तरी हातून मीठ पाठवत बसू नका. हाक द्या. समोरचा कदाचित कधीचाच निघालेला असेल. आणि माझी काळजी करू नका. माझा एक पाय कायम पुढेच आहे.